अंगठा वर!

परवा ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये लाँग वीकेंडचा प्लॅन शिजत होता. "मालवणला जाऊ. स्कूबा करू. माणशी हजारात होतं म्हणे, व्हिडिओ फ्री!" आमच्या अकाउण्ट्सवाल्यानं जाहीर केलं आणि टेबलावरच्या सगळ्यांचे डोळे चमकले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण पाण्याखाली जाऊन आलेली अशी ग्रुपमध्ये मी एकटीच.

मी एवढंच विचारलं, "त्यांचा सिलिंडर कुठे असतो?"

"म्हणजे? पाठीवर! अजून कुठे?"

तर मंडळी, आजचा कॉलम त्या सिलिंडरबद्दल. आणि तो भाड्यानं देणाऱ्या दुकानाबद्दल.

आपल्याकडे स्कूबाचं वेड पसरलं त्याला २०११ च्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'चा मोठा हात आहे. पाण्याला घाबरणारा हृतिक समुद्रात उतरतो आणि वर येतो तो भरल्या डोळ्यांनी. ते बघून आपल्यालाही वाटलं, बॉस, एकदा तरी हे करायचंच! फक्त त्याचा समुद्र स्पेनचा होता आणि आपला बजेट मालवणचा. त्यात गैर काही नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत मासे आहेत, कोरल आहे आणि रात्रीची बस पकडली की पुण्या-मुंबईहून सकाळी आपण समुद्रावर असतो. मीही अशीच गेले होते, चार वर्षांपूर्वी, जानेवारीत.

किनाऱ्यावर रांगेनं टेबलं मांडलेली. प्रत्येक टेबलामागे एक बॅनर, बॅनरवर निळंशार पाणी आणि त्यात असे मासे, जे अरबी समुद्रानं जन्मात पाहिले नसतील. आम्ही चौघांनी काय केलं असेल? बार्गेनिंग! बाराशेचे हजार केले, व्हिडिओ फुकटात पाडला आणि वर 'सॉलिड डील' म्हणून एकमेकांना टाळ्या दिल्या. नवा मोबाइल घेताना आम्ही आठवडाभर रिव्ह्यू वाचतो. ज्या नळीतून श्वास घ्यायचा तिच्याबद्दल आम्ही चौघा इंजिनीअरांनी एक प्रश्न विचारला नाही.

दुकानानंही आम्हाला काही विचारलं नाही. दमा आहे का, बीपी आहे का, कान दुखतो का, काही नाही. एका वहीत नाव, गाव, मोबाइल नंबर आणि सही. बोटीवर चाळीस सेकंदांचं ट्रेनिंग. तोंडानं श्वास घ्या, कान दडपले की नाक दाबून फुंका, असं केलं की ओके, असं केलं की वर. पुढचा!

सिलिंडर पाठीवर नव्हताच. तो होता बोटीत, आडवा. त्याला एक लांबलचक नळी, नळीच्या टोकाला तोंडात धरायचा रेग्युलेटर. आता 'स्कूबा' हा शब्द ज्या इंग्रजी अक्षरांनी बनलाय, त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांचा अर्थच 'स्वयंपूर्ण' असा आहे. हवा स्वतःबरोबर नेता म्हणून स्कूबा. माझी हवा बोटीत होती. किती उरलीय ते दाखवणारं गेजही बोटीत होतं. आणि ते बघायला बसवलेला मुलगा मोबाइलवर व्हिडिओ बघत होता.

पाण्यात मला घेऊन उतरला तो गाइड मात्र जन्मजात पाण्यातला. वीस-बावीस वर्षांचा, माशासारखा पोहणारा. "ताई, घाबराक नको, काय होऊचा नाय," म्हणाला आणि मला अलगद खाली घेऊन गेला. पाच मीटर असेल खोली. बिस्किटाचा चुरा सोडल्याबरोबर मासे गोळा झाले. आहाहा! मिनिटभर मी खरंच हृतिक होते.

मग मास्कमध्ये पाणी यायला लागलं. आधी डोळ्यांच्या खाली, मग नाकापर्यंत. त्यात माउथपीस एका बाजूनं चावून फाटलेलं, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर चमचाभर खारं पाणी. मी घाबरले. शिकवल्याप्रमाणे अंगठा वर केला. म्हणजे, वर चल.

त्यानं कॅमेरा माझ्याकडे वळवला आणि फोटो काढला.

मी पुन्हा अंगठा दाखवला, जोरात. त्यानं दुसरा फोटो काढला. हसून!

आता हसू येतं, पण त्याचंही काय चुकलं? दिवसभर त्याच्यासमोर जो येतो तो कॅमेऱ्याकडे बघून अंगठाच दाखवतो. आपल्या अख्ख्या देशात अंगठा वर म्हणजे 'मस्त चाललंय'. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' आणि 'ठीक आहे'साठी अंगठा-तर्जनीचा गोल, हे चाळीस सेकंदांत ना पर्यटकाच्या डोक्यात शिरतं, ना दिवसाच्या पंधराव्या फेरीला गाइडच्या डोक्यात राहतं.

शेवटी मी त्याचा हात झटकला आणि श्वास रोखून, पाय मारत वर आले. बोटीच्या कडेला लटकून पाच मिनिटं खोकत होते. तेवढ्यावर निभावलं. आपण केवढ्यातून वाचलो हे मला बऱ्याच दिवसांनी, नीट वाचल्यावर कळलं. पाण्याखाली दर दहा मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. खाली घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते. श्वास चालू असेल तर ती आपोआप बाहेर पडते. रोखला असेल तर फुप्फुसं फुग्यासारखी ताणली जातात, आणि अगदी एक-दीड मीटर वर येण्यानंही ती फाटू शकतात. म्हणून डायव्हिंगचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. तो मला कुणी सांगितलाच नव्हता.

किनाऱ्यावर मी तक्रार केली. मालक अगदी नम्र. चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, व्हिडिओ नीट आला नाय काय? परत मारून देतो, फ्री." त्यांच्या लेखी कस्टमर सर्व्हिस म्हणजे व्हिडिओ. आणि खरं सांगू? आमच्याही लेखी तेच होतं. आम्ही भाव केला तो व्हिडिओचा. रेग्युलेटर आमच्या डीलमध्ये नव्हताच.

आता दुसरं दुकान. पुढच्या वर्षी अंदमानला गेले. हॅवलॉकला, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपला. पैसे मालवणच्या जवळपास चौपट. काउण्टरवर दोन पानी फॉर्म. दमा, हृदय, कान, गरोदरपण, चालू औषधं, अलीकडची सर्दी. मी बिनधास्त सगळीकडे 'नाही' ठोकलं. आणि फॉर्म परत देता देता शिंकले.

समोरच्या इन्स्ट्रक्टरनं पेन खाली ठेवलं. "सर्दी आहे?"

"थोडीशीच. एसीची."

"मग आज नाही."

मी खूप भांडले. एवढ्या लांबून आलेय, सुट्टी मिळत नाही, बॉसला काय सांगू, सगळं! तो शांतपणे म्हणाला, नाक चोंदलेलं असेल तर कानातला दाब सोडता येत नाही आणि कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. मग विचारलं, "परतीचं विमान कधी?" डायव्हिंगनंतर लगेच उडायचं नसतं. एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त केल्या असतील तर १८ तास थांबायचं. त्यानं बोटांवर हिशोब केला, मला दोन दिवसांनंतरची सकाळ दिली आणि तोवर सर्दी गेली नाही तर पूर्ण पैसे परत, असं पावतीवर लिहून दिलं.

हॉटेलवर जाऊन मी त्याला खूप शिव्या घातल्या. दोन दिवसांनी कमरेएवढ्या पाण्यात त्यानं माझ्याकडून अर्धा तास तालीम करून घेतली. मुद्दाम मास्कमध्ये पाणी घ्यायला लावलं, नाकानं फुंकून ते काढायला शिकवलं. सिलिंडर माझ्या पाठीवर, गेज माझ्या हातात. आणि सगळ्यात आधी म्हणाला, "फोटोत अंगठा दाखवायचा नाही. दाखवलात की मी वर नेणार." मी मनात म्हटलं, बाबा रे, तू मला आधी का नाही भेटलास?

माझा फंडा तेव्हापासून साधा आहे. इतर दुकानांत ग्राहक राजा असतो. डाइव्ह शॉपमध्ये चांगली सर्व्हिस म्हणजे राजाला 'नाही' म्हणायची हिंमत. चौपट पैशांतला मोठा भाग त्या 'नाही'चा असतो. रिकाम्या गेलेल्या स्लॉटचा, सर्व्हिसिंगचा, एका इन्स्ट्रक्टरनं दिवसात मोजक्याच फेऱ्या मारण्याचा. हजारात सगळं बसवायचं म्हटलं की पहिली कात्री त्यालाच लागते.

लगेच 'मालवण वाईट, अंदमान चांगलं' असं समजू नका. सिलिंडर पाठीवर देणारी, प्रशिक्षित इन्स्ट्रक्टर असलेली दुकानं मालवण-तारकर्लीतही आहेत. एमटीडीसीचं केंद्रही तारकर्लीत आहे. आणि नळीनं हवा देण्याची पद्धत म्हणजे काही फसवणूक नव्हे. जगभर पाण्याखाली काम करणारे लोक ती वापरतात. पण मग ती नळीची आहे असं आधी सांगा आणि गेजवर नजर ठेवायला जागा माणूस बसवा. बोटीचंही तेच. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालून सुखरूप वर आलं म्हणजे ट्रिप संपली असं नसतं.

तज्ज्ञ नसाल तरी तपासता येईल असं बरंच आहे. कापून पाकिटात ठेवा.

बोटीवरची पाच मिनिटं

१. वास घ्या. रेग्युलेटर तोंडात धरून दोन-चार श्वास घ्या. हवेला चव किंवा वास नसतो. तेलकट किंवा डिझेलसारखं काही जाणवलं तर उतरू नका. कॉम्प्रेसरमध्ये धूर खेचला गेला असू शकतो.

२. काटा बघा. भरलेल्या सिलिंडरचं गेज साधारण २०० बार दाखवतं. श्वास घेताना काटा स्थिर हवा. प्रत्येक श्वासाला खाली पडत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही किंवा काहीतरी अडलंय.

३. मास्क लावा. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकानं हवा ओढा. हात सोडल्यावर पडला तर तो तुमचा नाही. दुसरा मागा. केसांची बटही आत नको.

४. माउथपीस बघा. फाटलेलं, चावलेलं असेल तर बदलून घ्या. लाजायचं काय त्यात?

५. दुसरा रेग्युलेटर शोधा. सिलिंडर पाठीवर असेल तर त्याला एक जादा, बहुधा पिवळा रेग्युलेटर असतो. तो अडचणीसाठी. त्यातूनही श्वास घेऊन बघा.

आणि पैसे देण्याआधी, फोनवरच, तीन प्रश्न. सिलिंडर पाठीवर की बोटीत? इन्स्ट्रक्टरकडे कुठल्या संस्थेचं कार्ड आहे? आणि माझा आवडता: पावसाळ्यात रेग्युलेटरचं सर्व्हिसिंग केलंत का? मालवणचा सीझन पावसाळ्यात बंद असतो. खारं पाणी वर्षभर जे कुरतडतं, ते दुरुस्त करायला तेवढेच महिने हातात असतात. बहुतेक कंपन्या वर्ष-दोन वर्षांनी रेग्युलेटर उघडून तपासायला सांगतात. ज्यानं केलंय तो उत्साहानं सांगतो. ज्यानं नाही केलं तो चिडतो.

तर, कॅण्टीनमधून आम्ही तिथल्या तिथे तीन फोन केले, स्पीकरवर. पहिल्यानं सांगितलं, "टेन्शन नका घेऊ, सगळं ए-वन!" दुसरा वैतागला, "एवढं कोण विचारत नाय हो!" तिसरा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "दोन सेट सर्व्हिसिंगला गेलेत, म्हणून त्या वीकेंडला दिवसाला आठच लोक घेतो. तुम्ही सहा जण ना? मग सकाळी लवकर या. सगळं सामान दाखवतो, मग पैसे द्या. आणि सर्दी असेल तर आधी सांगा."

त्यालाच बुक केलं. माणशी सातशे जास्त, व्हिडिओचे वेगळे. अकाउण्ट्सवाला अजून कुरकुरतोय. पण त्यानं कालपासून वाफ घ्यायला सुरुवात केलीय म्हणे.