लिटरला अठ्ठावन्न

१.७ लिटरमध्ये १०० किलोमीटर. बीएमडब्ल्यूने २०२४ मध्ये नवी एम५ आणली तेव्हा तिचा युरोपमधला अधिकृत आकडा हा होता. आपल्या सवयीच्या भाषेत सांगायचं तर लिटरला ५८ किलोमीटर. गाडी कुठली? ४.४ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही८ इंजिन, जोडीला इलेक्ट्रिक मोटर, दोन्ही मिळून ७२७ हॉर्सपॉवर आणि वजन २,४०० किलोंच्या वर. अहो, तुमची-माझी स्कूटर सिग्नलला बंद करूनसुद्धा लिटरला ५८ देत नाही!

हीच गाडी २००५ च्या सुमारास व्ही१० इंजिन घेऊन यायची. तेव्हाचा अधिकृत आकडा होता १०० किलोमीटरला १४.८ लिटर, म्हणजे लिटरला पावणेसात. रस्त्यावर त्याहूनही कमी मिळायचं, पण कुणी फसलं नाही. ब्रोशर वाचूनच कळायचं की बाबा, ही गाडी पेट्रोल पिते. २०११ मध्ये टर्बो व्ही८ आलं, आकडा ९.९ झाला. २०१७ च्या पिढीत तो १०.५ होता. आणि मग एकदम १.७. मधल्या काळात गाडी त्या व्ही१० पेक्षा साडेसहाशे किलोंहून जड झाली आहे. शंभरचा वेग गाठायला २०१७ च्या गाडीला ३.४ सेकंद लागायचे, हिला ३.५ लागतात. म्हणजे ताकद वाढली, वजन वाढलं, गाडी होती तिथेच राहिली आणि पेट्रोल सहापट कमी लागायला लागलं. हे पचतंय का?

गंमत अशी की कंपनी खोटं बोलत नाहीये. आकडा नियमाप्रमाणेच आहे. घोळ नियमात आहे.

प्लग-इन हायब्रिडची टेस्ट दोनदा होते. एकदा बॅटरी फुल्ल असताना, एकदा रिकामी असताना. मग दोन्ही निकालांची सरासरी काढतात, पण साधी नाही, वजन लावून. गाडी विजेवर जितकी लांब जाऊ शकते, तितकं 'मालक बॅटरीवरच जास्त चालवणार' असं धरायचं. एम५ विजेवर साधारण ६७ ते ६९ किलोमीटर जाते (अर्थात टेस्टमध्ये), म्हणून गृहीत काय धरलं, तर हिचे ऐंशी टक्क्यांहून जास्त किलोमीटर विजेवरच होणार! ७२७ हॉर्सपॉवरची एम५ घेणारा माणूस रोज रात्री निमूटपणे चार्जर लावणार आणि सकाळी व्ही८ चा आवाजही न काढता ऑफिसला जाणार. बॅटरी संपल्यावर हीच गाडी त्याच टेस्टमध्ये १०० किलोमीटरला दहा लिटरच्या वर पिते. तो आकडा मात्र कुणी मोठ्या टायपात छापत नाही.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. टेस्ट केस आधीपासून माहीत असेल तर कोड तेवढ्यापुरताच लिहिता येतो. बिल्ड हिरवा, क्लायंट खूश, आणि प्रॉडक्शनला गेल्यावर शनिवारी रात्री फोन. फरक एवढाच की इथे प्रॉडक्शनमधून फोन कुणाला जातच नव्हता.

पण मग तो गेला. युरोपात २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष लागलेलं इंधन मोजणारं मीटर सक्तीचं आहे. युरोपियन कमिशनने मार्च २०२४ मध्ये अशा सुमारे सहा लाख गाड्यांचा डेटा प्रसिद्ध केला. पेट्रोल आणि डिझेल गाड्या कागदापेक्षा साधारण वीस टक्के जास्त धूर सोडत होत्या. ठीक आहे, तेवढं आपण धरूनच चालतो. प्लग-इन हायब्रिड मात्र कागदापेक्षा साडेतीन पट सोडत होत्या. साडेतीन पट! कारण उघड आहे, लोक चार्ज करत नाहीत. त्या गृहीतकाचा नियम २०२५ पासून, आधी नव्या मॉडेलांना, कडक करण्यात आला. म्हणजे चूक मान्य झाली, पण तोवर किती गाड्या विकल्या गेल्या?

तुम्ही म्हणाल, दोन कोटींची गाडी घेणारा माइलेज विचारतो का? नाहीच विचारत. माझा मुद्दा तोच आहे. मग हा आकडा कुणासाठी?

तो कंपनीच्या हिशेबासाठी आहे. युरोपात प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी काढतात. मर्यादा ओलांडली तर जास्तीच्या प्रत्येक ग्रॅमला, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड. २०२४ च्या कागदावर एम५ किलोमीटरला ३७ ते ३९ ग्रॅम सोडत होती. सुझुकी स्विफ्ट? १०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सरकारी वहीत ७२७ हॉर्सपॉवरची एम५ ही स्विफ्टच्या निम्म्याहून स्वच्छ गाडी! इकडे आपल्याकडेही फार वेगळं नाही. २०२२ पासूनच्या कॅफे नियमांत प्लग-इन हायब्रिड विकली की कंपनीच्या सरासरीत ती एक नाही, अडीच गाड्या म्हणून मोजायची. स्विफ्टवाल्याने काय पाप केलंय कुणास ठाऊक.

जर्मनीने निदान एक बरं केलं. २०२४ पासून तिथल्या जाहिरातीत प्लग-इन गाडीचे दोन्ही वर्ग छापावे लागतात. एम५ च्या जाहिरातीत सरासरीचा वर्ग होता बी. बॅटरी रिकामी असतानाचा जी, म्हणजे शेवटचा. एकाच गाडीला एकाच पानावर बी आणि जी! आपल्या शोरूममध्येही हे दोन आकडे शेजारी-शेजारी लावायला काय हरकत आहे? दोन ओळींचा तर प्रश्न आहे.

आता खर्चाकडे येऊ, कारण माइलेजच्या गप्पांमध्ये खरी चोरी दिसतच नाही. एम५ भारतात नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, १ कोटी ९९ लाख एक्स-शोरूम. वर्षाला १०,००० किलोमीटर धरा, पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये, आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये लिटरला ६. पेट्रोल झालं वर्षाला १ लाख ६७ हजार, किलोमीटरला १७ रुपये. आता घसारा. इन्शुरन्सच्या आयडीव्हीचा तक्ता बघा, चार वर्षं उलटली की गाडीची किंमत निम्मी. पाच वर्षांत एक कोटी गेले. वर्षाला २० लाख, किलोमीटरला २०० रुपये. गाडी पार्किंगमध्ये उभी असली तरी.

म्हणजे ते ५८ चं माइलेज अगदी खरं निघालं असतं, तरी किलोमीटरचा खर्च २१७ वरून २०२ झाला असता. एवढ्यासाठी हा तमाशा. (टायर अजून धरलेच नाहीत. पुढे २० इंची, मागे २१ इंची, त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करून झीज वाटून घेणं बंद. २,४०० किलो आणि १,००० न्यूटन-मीटर टॉर्क शेवटी त्या रबरावरच पडतो.)

एम५ आपल्यातलं कुणी घेत नाही, हे मलाही कळतं. पण हा गेलेला एक कोटी आपल्यापर्यंत येतो, वेगळ्या रूपात. ऑफिसच्या पार्किंगमध्ये बघा. दहा वर्षं जुनी जर्मन सेदान, नव्या मिड-साइज एसयूव्हीच्या किमतीत, 'सिंगल ओनर, शोरूम कंडिशन'. अप्रेझल चांगलं झालं की टीममधला एक जण हमखास घेतो. आणि जेवताना पहिला प्रश्न ठरलेला, किती देते? तो सांगतो, हायवेला बारा. सगळे माना डोलावतात, वाईट नाही म्हणून.

अरे पण गाडीची किंमत उतरलीये, पार्टची नाही! एअर सस्पेन्शन, टर्बो, गिअरबॉक्सचा मेकाट्रॉनिक हे सगळं अजूनही त्या मूळ साठ-सत्तर लाखांच्या गाडीच्या भावात मिळतं. इतक्या जुन्या गाडीला झिरो-डेप कव्हर सहसा मिळत नाही, आणि ते नसलं की क्लेममध्ये प्लास्टिक-रबरच्या पार्टवर ५० टक्के कापले जातात. हल्लीच्या बंपरमध्ये प्लास्टिक सोडून असतं काय? वर ईएमआय, कारण जुन्या गाडीच्या लोनचा व्याजदर नव्यापेक्षा जास्त. घेणाऱ्याने पगार आणि ईएमआय यांची बेरीज-वजाबाकी केलेली असते, माइलेज विचारलेलं असतं. एका पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरची किंमत मात्र विचारलेली नसते. ती त्याला पहिल्या पावसाळ्यात, खड्ड्यांनंतर, सर्व्हिस ॲडव्हायझर सांगतो. तेव्हा गाडी दोन महिने कव्हर घालून उभी राहते आणि पठ्ठ्या पुन्हा कंपनीच्या बसने येतो.