प्रयोगाचा तास आणि एक ‘त’

विज्ञानाच्या तासाला मुले फार दंगा करतात, ही सीमाभागातील शिक्षकांची जुनी तक्रार आहे. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु दंगा कशाने होतो हे कोणी पाहावयाचे?

मागे एका मराठी हायस्कुलात आम्ही प्रयोगाच्या तासाला बसलो होतो. सरांना मराठी बेताचेच येत होते. सूचना निम्मी इंग्रजीत, निम्मी कानडीत. एक मुलगी शेजारणीकडे वळून कुजबुजली. बोलते म्हणून सरांनी तिला वर्गाबाहेर उभे केले. ती एवढेच विचारीत होती, “सर काय म्हणाले गं?”

संहत सल्फ्युरिक आम्ल सौम्य करावयाचे तर ते पाण्यात थोडेथोडे, ढवळत सोडावे लागते. उलट आम्लात पाणी ओतले तर एवढी उष्णता निर्माण होते की मिश्रण उसळून तोंडावर येते. ‘पाण्यात आम्ल’ आणि ‘आम्लात पाणी’, फरक काय तो एका ‘त’च्या जागेचा. मराठी घरातल्या मुलाला हा ‘त’ शिकवावा लागत नाही. कानडी मुलाला ‘नीरिगे’ आणि ‘आम्लक्के’ यांतला फरक असाच घरबसल्या कळतो. त्याला त्याच्या भाषेतच सांगितले पाहिजे, याविषयी आमचा वाद नाही. मात्र ‘अॅसिड, वॉटर, मिक्स’ एवढ्यावर तास उरकला, तर तो ‘त’ कुठे गेला? इथे डोळ्यांशी गाठ आहे.

सन 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीला बंदी आली, हे बरेच झाले. छडी होती तेव्हा तरी प्रयोग कुठे नीट होत होते! अनुभवी शिक्षक काय करतात ते पाहा. साहित्य वाटण्याआधी सूचना देतात, कारण परीक्षानळी हातात पडली की मुलाचे कान बंद होतात. चौघांचा गट करून एकाने वाचावयाचे, एकाने हाताळावयाचे, एकाने घड्याळ पाहावयाचे, एकाने लिहावयाचे, असे काम नेमून देतात. आणि सूचना एखाद्या मुलाकडून त्याच्या शब्दांत वदवून घेतात. शेवटची गोष्ट तर शिक्षकाला मुलांची भाषा आल्याशिवाय होणेच नाही.

फळ्यावर तीन रकाने आखावेत, असेही आम्ही सुचवू. मराठीत प्रकाशसंश्लेषण, कानडीत द्युतिसंश्लेषणे, इंग्रजीत फोटोसिंथेसिस. दहावीनंतर विज्ञान घेणाऱ्या आमच्या मुलाला इंग्रजीलाच तोंड द्यावे लागते. तिसरा रकाना पाहिलेला असला तर तो पहिल्याच आठवड्यात गांगरणार नाही.

राज्यघटनेच्या 350अ कलमाने 1956 पासून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे दायित्व राज्यांवर टाकले. हायस्कुलाविषयी ते कलम बोलत नाही, आणि आम्लाची बाटली तर हायस्कुलातच हाती येते! म्हणून मराठी शाळेवर विज्ञानशिक्षक नेमताना त्याला मराठी येते की नाही हे आधी तपासावे, ही आमची मागणी आहे. नेमून झालेल्या शिक्षकांना सुट्टीत महिनाभर मराठी शिकवावे. त्यात त्यांचा अपमान नाही.

पालकमंडळींनीही शाळेच्या बैठकीत रंगकाम आणि पत्र्यांपुरतेच बोलून उठू नये. नवे वर्ष सुरू झाले की एकदा प्रयोगाच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसावे, आणि घरी आल्यावर मुलीला विचारावे, “सर काय म्हणाले गं?”