ल्युपसच्या रुग्णाला ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ सांगू नका!

सातारा असो की सांगली, सांधे दुखतात, गालावर चट्टे उठतात म्हटले की शेजारीपाजारी सल्ला तयार असतो: “प्रतिकारशक्ती कमी झाली असेल, काढा घ्या.” हेतू चांगला असतो. पण ल्युपसमध्ये हा सल्लाच उलटा आहे.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. याला अपॉप्टोसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गळून पडणे, झाडाच्या पानांसारखे. पेशी आकसते, तिचे तुकडे होतात आणि भक्षक पेशी ते गिळून टाकतात. ल्युपसमध्ये ही सफाई अपुरी पडते. पडून राहिलेल्या तुकड्यांतला डीएनए उघडा पडतो आणि प्रतिकारशक्ती त्यालाच शत्रू समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यातून त्वचा, सांधे, मूत्रपिंडे यांना इजा होते. म्हणजे इथे सैन्य कमी पडलेले नाही, ते आपल्याच घरावर चालून आले आहे. त्याला आणखी दारूगोळा कशाला पुरवायचा?

“नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?” असे विचारणाऱ्यांसाठी: २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. त्यात स्वयंप्रतिकार आजाराच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष नाकारला. वाद चालू राहो. ल्युपसच्या रुग्णाने स्वतःवर प्रयोग का करावा?

दुसरा सल्ला, “ऊन घ्या.” उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात आणि कचरा आणखी वाढतो. ल्युपसच्या दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया असतात. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या शिवारात राबणाऱ्या बाईला नुसते “उन्हात जाऊ नका” सांगून आम्ही डॉक्टर मोकळे होतो, हेही चुकीचेच. पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला-तोंडाला कापड, सनस्क्रीन आणि भर दुपारचे काम टाळणे, एवढे तरी समजावून सांगायला हवे. घरच्यांनीही कामाच्या वेळा बदलायला हव्यात.

सर्वांत घातक सल्ला, “ही तर मलेरियाची गोळी, बंद करा.” हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मलेरियासाठी वापरले जाई हे खरे, पण ल्युपस काबूत ठेवणारे तेच मुख्य औषध आहे. सोडले की आजार उफाळू शकतो. गरोदरपणातही ते सहसा चालू ठेवतात. डोळ्यांची तपासणी मात्र डॉक्टर सांगतील तशी करा.

लघवीला फेस आला किंवा पायांवर सूज आली, तर काढा उकळत बसू नका. लघवीची तपासणी करा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंड वाचवायची वेळ तीच असते.