पारदर्शक बॉनेट, अपारदर्शक बाजार

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या खोऱ्यात वसलेले सेमाडोह हे मेळघाटातील पर्यटकांचे एक परिचित मुक्कामाचे ठिकाण आहे. १९७३-७४ साली देशात प्रथम घोषित झालेल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटचा समावेश होता. येथे जंगल पाहण्यास निघालेल्या पर्यटकाला बिनछताची जिप्सी हवी असते. छत नसले की सागाची उंची दिसते, बांबूच्या बेटातील हालचाल टिपता येते. एखादे आवरण दूर करण्याचा किंवा पारदर्शक करण्याचा खरा निकष हाच होय: त्यामुळे कोणाला काय दिसू लागले, आणि त्या दिसण्याचा त्याला उपयोग काय?

याच निकषावर मोटारशौकिनांच्या एका नव्या हौसेची परीक्षा करण्यासारखी आहे. इंजिनावरील पोलादी पत्र्याचे झाकण, म्हणजे बॉनेट, काढून त्याच्या जागी पारदर्शक प्लास्टिकचे बॉनेट खास बनवून बसवावयाचे व आतील यंत्र जगाला दाखवावयाचे, अशी ही हौस आहे. वरवर पाहता हा श्रीमंतांचा खेळ वाटेल आणि सेमाडोहसारख्या गावाशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न पडेल. तथापि मोटारीच्या झाकणाखाली काय आहे हे कोणाला कळावे, हा प्रश्न श्रीमंतापेक्षा मोटारीवर पोट असणाऱ्याच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे.

कल्पना नवी नाही. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्स कंपनीने पाँटिॲक जातीची एक मोटार मांडली होती. तिचे बाह्यांग पत्र्याऐवजी प्लेक्सिग्लास या पारदर्शक ॲक्रिलिकचे होते. रोहम अँड हास या रासायनिक कंपनीच्या सहकार्याने ती घडविली गेली. दारे, बॉनेट, छत यांच्या आरपार सांगाडा व यंत्ररचना दिसे. आतील पोलादी सांगाड्याला तांब्याचा मुलामा व रबरी पट्ट्यांना पांढरा रंग दिला होता. त्या काळी तिला पंचवीस हजार डॉलर खर्च आल्याचे सांगतात. तीच मोटार २०११ साली लिलावात तीन लाख आठ हजार डॉलरना विकली गेली. येथे हिशेब सरळ होता. एका कंपनीला आपली बांधणी दाखवावयाची होती, दुसरीला आपले प्लास्टिक खपवावयाचे होते. ती मोटार म्हणजे चाकांवरची जाहिरात होती व त्या कामी ती चोख उतरली. रोजच्या रस्त्यावर पारदर्शक मोटारी धावाव्यात, असा दावा तिच्या निर्मात्यांनी कृतीने तरी केला नाही. पुढील कित्येक दशके मोटारी पत्र्याच्याच राहिल्या.

असे बॉनेट बनविणे अशक्य नाही, परंतु सोपेही नाही. ॲक्रिलिक काचेसारखे स्वच्छ दिसते, पण आघाताने तडकते. म्हणून जाणते कारागीर पॉलिकार्बोनेटचा जाड पत्रा निवडतात. मूळ बॉनेटवरून साचा घ्यावा लागतो. पॉलिकार्बोनेट हवेतील ओलावा शोषून घेते. तो आधी भट्टीत सुकवला नाही, तर तापविताना पत्र्यात बुडबुडे उमटतात आणि सारी मेहनत वाया जाते. नंतर सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत पत्रा मऊ करून साच्यावर बसवावा लागतो. पोलादाच्या मानाने हे प्लास्टिक वजनाला सहा-सात पट हलके असते. परंतु ते कितीतरी अधिक लवते, म्हणून मूळ बॉनेटची चौकट, बिजागऱ्या व कुलूप ठेवून मधलाच भाग पारदर्शक करणे शहाणपणाचे ठरते. अन्यथा वेगात वाऱ्याने तो फडफडतो. शिवाय तापमान पन्नास अंशांनी वाढले, तर एक मीटर लांबीचा पोलादी पत्रा सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो, तर पॉलिकार्बोनेट तीन मिलिमीटरांहून अधिक. स्क्रूची भोके घट्ट ठेवली, तर वऱ्हाडच्या वैशाखात आणि इंजिनाच्या धगीत त्या भोकांपासूनच तडा जाणार. उन्हाने पिवळे पडू नये म्हणून वेगळा लेप हवा, आणि पेट्रोल किंवा द्रावके अंगावर सांडली तर पत्र्यावर बारीक चिरा पडण्याची भीती ती वेगळीच.

बॉनेट हे केवळ झाकण नव्हे, हेही विसरून चालत नाही. समोरून धडक बसल्यास ते ठरावीक जागी दुमडावे, पादचाऱ्याचे डोके आदळल्यास त्याने काही आघात गिळावा, अशी त्याची रचना केलेली असते. कारखान्यातील बॉनेट या कसोट्यांतून गेलेले असते. गॅरेजमध्ये घडविलेल्या बॉनेटची अशी कसोटी कोणी घेतलेली नसते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणीतील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. तेव्हा असे बॉनेट प्रदर्शनात शोभेल. सार्वजनिक रस्त्यावर आणण्यापूर्वी परिवहन अधिकाऱ्याची लेखी संमती घेणेच हिताचे.

पारदर्शक बॉनेटचा एक उपयुक्त अवतारही आहे. २०१४ साली लँड रोव्हर कंपनीने याच नावाची एक कल्पना मांडली. त्यात बॉनेट पत्र्याचेच; मात्र गाडीच्या पुढील भागातील कॅमेरे खालची जमीन टिपतात आणि ते चित्र चालकाला समोर असे दाखवितात की जणू बॉनेटच्या आरपार दिसावे. पुढे ही सोय या कंपनीच्या विक्रीच्या गाड्यांतही आली. घाटरस्त्यावर वा नाल्याच्या उतारावर चाकापुढचा दगड चालकाला दिसणे ही चैन नव्हे. छत नसलेल्या जिप्सीला लावलेला निकष येथेही पुरा होतो: ज्याला गरज आहे त्याला, हवे ते दिसते.

पण येथेच एक विसंगती दडलेली आहे. चालकाला जमीन दिसावी म्हणून जे कॅमेरे, संवेदक आणि संगणक गाडीत आले, त्यांनीच ती गाडी मेकॅनिकच्या दृष्टीने अधिक अपारदर्शक केली. एके काळी बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर, वितरक, पंख्याचा पट्टा हे सारे डोळ्यांना दिसे. आवाजावरून व धुराच्या रंगावरून दोष ओळखता येई. आजच्या गाडीत बॉनेट उघडल्यावर प्रथम दिसते ते इंजिनावरचे आणखी एक काळे प्लास्टिकचे झाकण. दोष संगणकात नोंदलेला असतो आणि तो वाचण्याचे उपकरण व सांकेतिक माहिती कंपनीच्या हाती असते. अशा गाडीला उत्तमातले उत्तम पारदर्शक बॉनेट बसविले, तरी मालकाच्या ज्ञानात तसूभर भर पडत नाही.

अर्थशास्त्रात या अवस्थेचे विवेचन झालेले आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला मालाची जेवढी माहिती आहे तेवढी घेणाऱ्याला नसेल, तर घेणारा चांगल्या मालालाही हलकी किंमत देऊ करतो. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून बाहेर पडतो व खराब माल तेवढा उरतो. २००१ च्या नोबेल पारितोषिकात या विचाराचा गौरव झाला. दुरुस्तीच्या बाजाराचे दुखणे याच जातीचे आहे. दोष कोणता, कोणता भाग खरोखर बदलावा लागतो, त्याची किंमत किती, हे एकाच पक्षाला ठाऊक असेल, तर दुसऱ्या पक्षाने पुढे केलेल्या बिलावर सही करण्यापलीकडे काय करावे?

भारतातही ही गोष्ट केवळ ग्रंथातली राहिलेली नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने त्या स्वतंत्र दुरुस्तीदारांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. ती मिळू द्यावीत, असा आदेशही त्याने दिला. प्रकरण पुढे अपिलात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी माहितीचे एक संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचे क्षेत्रही समाविष्ट केले. परंतु संकेतस्थळावर कंपनी स्वेच्छेने माहिती ठेवते, आणि कायदा ती ठेवावयास लावतो, यांत अंतर आहे. युरोपीय संघाने २००७ च्या नियमानेच स्वतंत्र दुरुस्तीदाराला ही माहिती देणे निर्मात्यांवर बंधनकारक केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा कौल देऊन संमत केला. भारतात तसा स्पष्ट कायदा अद्याप व्हावयाचा आहे.

सेमाडोहच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे आता स्पष्ट व्हावे. १९८५ च्या डिसेंबरात बाजारात आलेली मारुती जिप्सी २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. ज्या जिप्सी जंगलात धावताहेत, त्या आता जुन्या होत जाणार आणि त्यांच्या जागी आज ना उद्या नव्या गाड्या येणार. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत टप्पा सहाच्या प्रदूषणनियमांमुळे या नव्या गाड्यांत संवेदकांचे जाळे अपरिहार्य आहे. पर्यावरणासाठी ते योग्यही आहे. परंतु जिप्सीचे इंजिन पाने-पेंचीसच्या बळावर खोलणारा परतवाड्याचा मेकॅनिक या नव्या गाडीपुढे हात जोडील, तर गाडी टोचन करून मोठ्या शहरातील कंपनीच्या कार्यशाळेत न्यावी लागेल. जंगल पर्यटनाचा हंगाम मर्यादित असतो आणि पावसाळ्यात तो आटतो. ऐन हंगामात गाडी चार दिवस उभी राहिली, तर चालकाची मजुरी बुडते, मार्गदर्शकाची फेरी जाते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. ज्या भागात कोरकू तरुणांना गावाजवळ मिळणाऱ्या रोजगाराचे मार्ग मुळातच थोडे आहेत, तेथे ही हानी क्षुल्लक म्हणता येणार नाही.

कंपन्यांचा युक्तिवाद असा असतो की, माहिती सर्वांना दिली तर अर्धवट ज्ञानाचे लोक गाडी बिघडवतील आणि सुरक्षितता धोक्यात येईल. यात तथ्य नाही असे नाही. पारदर्शक बॉनेटच्या बाबतीत तीच शंका वर व्यक्त केली आहे. परंतु अज्ञानावरचा उपाय प्रशिक्षण हा आहे, कुलूप हा नव्हे. माहिती दडवल्याने दुरुस्ती थांबत नाही. ती अंदाजाने होऊ लागते, आणि अंदाजाने केलेली ब्रेकची दुरुस्ती ही माहितीपूर्वक केलेल्या दुरुस्तीपेक्षा केव्हाही घातक.

म्हणून शासनाने तीन गोष्टी कराव्यात. सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तिका आणि दोषवाचनाची माहिती वाजवी दरात देण्याचे बंधन कायद्याने निर्मात्यांवर घालावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, विशेषतः आदिवासी तालुक्यांतील संस्थांत, नव्या मोटारींचे दोष वाचण्याची उपकरणे द्यावीत आणि मराठीतून प्रशिक्षण द्यावे. तिसरी गोष्ट, वाहनातील बदलांबाबत सरसकट भीती घालण्याऐवजी कोणता बदल चालतो, कोणता चाचणीनंतर चालतो आणि कोणता मुळीच चालत नाही, याची सोपी यादी प्रत्येक परिवहन कार्यालयात लावावी. पॉलिकार्बोनेट तापवून हव्या त्या आकारात उतरविणारा कारागीर हा गुन्हेगार नव्हे. त्याचे कौशल्य हीदेखील राष्ट्राची संपत्ती आहे. तिला योग्य वाट हवी.

हौशी मालकाने खुशाल आपली मोटार प्रदर्शनासाठी सजवावी. त्याच्या पैशाने एखाद्या कारागिराला चार दिवसांचे काम मिळेल, हेही थोडे नाही. परंतु झाकण पारदर्शक झाले म्हणजे व्यवहार पारदर्शक झाला, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. सेमाडोहच्या चालकाला आपल्या गाडीचे इंजिन बाहेरून दिसण्याची गरज नाही. ते बंद पडले, तर का पडले हे परतवाड्यातच कळावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीपूर्वी ते सुरू व्हावे, एवढेच त्याला हवे आहे.