साचा आणि अक्षर



पर्युषण पर्व आता तीन-चार आठवड्यांवर येऊन ठेपले आहे. या दिवसांत आपल्या बहुतेक घरांत आणि पेढ्यांवर एक ठरलेले काम निघते, ते म्हणजे क्षमापनेच्या कार्डांची यादी काढणे. आमच्याकडे ही यादी कित्येक वर्षे मुनीमजींच्या वहीत असे. चारशे नावे, चारशे छापील कार्डे, चारशे चिकटवलेले पत्ते. मजकूर छापखान्याने सुचवलेला आणि सहीच्या जागी पेढीचा शिक्का. गठ्ठा टपालात पडला, की आपली क्षमायाचना पूर्ण झाली, असा आमचा सर्वांचा समज होता.

तीन वर्षांपूर्वी सूनबाईंनी हाताने फिरवायचे एक लहानसे डाय-कटिंग यंत्र घरी आणले आणि यंदा निदान घरची कार्डे आपण घरीच करू, असे सुचवले. त्या यंत्राविषयी आणि त्याने आम्हाला अनपेक्षितपणे जे शिकवले त्याविषयी आज लिहावयाचे आहे.

यंत्र समजायला अवघड नाही. रसवंतीतल्या चरकात उसाचे कांडे जसे दाबले जात पुढे सरकते, तसाच येथे प्लेटांचा एक थर दोन रोलरांमधून जातो. सर्वांत खाली जाड पाट, त्यावर पारदर्शक कटिंग प्लेट, तिच्यावर कागद, कागदावर धारेची बाजू खाली करून ठेवलेला पातळ पोलादी साचा आणि सर्वांत वर आणखी एक प्लेट. या साच्यालाच डाय म्हणतात. दांडी फिरवली की दाबाने धार कागदात उतरते आणि पान, फूल, कलश असा आकार अखंड सुटून येतो. छापखान्यात ज्याला पंचिंग म्हणतात, तेच हे काम. लग्नपत्रिकेची नक्षीदार कड किंवा मिठाईचा घडीचा खोका याच रीतीने कापला जातो. ही विद्या वाढली मात्र पादत्राणांच्या धंद्यात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चामड्याचे तळवे एकसारखे कापण्यासाठी ती रूढ झाली आणि पुढे कागद-पुठ्ठ्याच्या कामात आली. हत्यार तेच असते, त्याच्याखाली काय ठेवायचे हे आपण ठरवतो.

संगणकाला जोडून चालणारी यंत्रेही आता मिळतात. त्यांत साचा लागत नाही. पडद्यावर काढलेले चित्र बारीक पाते कापत जाते. देवनागरी अक्षरे किंवा आकडे कापायचे असतील तर ती सोयीची आहेत. परंतु घरगुती कामाला हातयंत्र पुरते. मोह होतो तो साच्यांचा. दुकानात गेले की प्रत्येक नक्षी हवीशी वाटते आणि कपाट भरते. आमच्याकडे पाच साचे आहेत : एक पान, दोन आकारांतली कमळे, एक कलश आणि एक नक्षीदार चौकट. परिग्रहाची मर्यादा अशा लहानशा छंदातही पाळता येते. चार घरांनी मिळून एक यंत्र घेतले आणि साचे आपसांत फिरवले, तर अधिकच उत्तम.

आता कागदाविषयी. कार्डासाठी २५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा कागद योग्य. ए-४ आकाराच्या एका तावाचे मधोमध दोन भाग केले आणि प्रत्येक भाग दुमडला, की १४८ बाय १०५ मिलिमीटरची दोन कार्डे होतात. ए-४ चे सोळा ताव म्हणजे एक चौरस मीटर. त्यामुळे एका कार्डाचे वजन पावणेआठ-आठ ग्रॅम भरते. पाकीट आणि वरची नक्षी धरूनही ते साध्या टपालाच्या पहिल्या २० ग्रॅमच्या टप्प्यात राहते. जाड पुठ्ठ्याचे थरावर थर चढवले, तर हा हिशेब बिघडतो, म्हणून पहिले कार्ड पुरे होताच काट्यावर ठेवून पाहावे.

हातकागदाची गोष्ट थोडी निराळी. महाराष्ट्रात ही कला जुनी आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच तिच्यावरून पडले आणि पुण्यातली हातकागद संस्था १९४० सालापासून उभी आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला हा कागद देखणा आणि टिकाऊ असतो. परंतु त्याचे तंतू लांब असल्याने आमच्या पहिल्या दहा-बारा कमळांच्या पाकळ्या कापल्याच गेल्या नाहीत. दोऱ्यांनी लोंबत राहिल्या. तेव्हा साच्याच्या मागे पातळ पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवून दाब वाढवला आणि थर दोनदा फिरवला. कागद आणि साचा यांच्यामध्ये बटर पेपर ठेवला, की कापलेला आकार साच्यात अडकून बसत नाही. पावसाळी हवेत कागद ओलावा धरतो आणि वाकतो. म्हणून ताव आदल्या दिवशीच जाड वह्यांखाली दाबून ठेवावेत.

आपल्या आचाराशी संबंध असलेल्या तीन गोष्टी येथे सांगणे अगत्याचे आहे. पहिली चिकटवण्याची. जुन्या काळी सुतारकामात वापरला जाणारा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होत असे. हल्लीचा पांढरा कृत्रिम गोंद त्या दोषापासून मुक्त आहे आणि घरची मैद्याची खळही चालते, मात्र ती त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवावी. दुसरी गोष्ट कागदाची. शाई फुटू नये म्हणून आपल्याकडे कागदाला तांदळाची किंवा गव्हाची खळ देत. युरोपात त्यासाठी जिलेटिन वापरण्याची रीत आहे. परदेशी, विशेषतः चित्रकलेचा कागद घेताना विक्रेत्याला हे विचारून घ्यावे. तिसरी गोष्ट घडीची. घडी दाबण्यासाठी मिळणारी पट्टी पुष्कळदा खरोखरीच हाडाची असते. स्टीलच्या चमच्याची पाठ तेच काम तितकेच चांगले करते.

शिवाय एक पथ्य. व्यापारी घरात जुन्या लग्नपत्रिका, दिनदर्शिका आणि साड्यांचे खोके यांची कमतरता नसते आणि यंत्रासाठी हा फुकटचा उत्तम माल आहे. परंतु ज्या भागावर भगवंतांची प्रतिमा, मंत्र किंवा मंगलवचन छापलेले आहे, तो साच्याखाली घालू नये. तो आधीच काढून वेगळा जपावा. अक्षरांवरून धार फिरवणे ही ज्ञानाची आशातना होय, असे आपल्याकडची वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. त्यात या मासिकाची पानेही आली! पत्रिकेचे कोरे आतले पान आणि पाकिटाचा रंगीत कागद मात्र निःशंकपणे वापरावा. कार्डावरही पवित्र मंत्र छापू नये, असे मला वाटते. आपले कार्ड उद्या कोणाच्या टोपलीत पडेल, हे आपल्या हाती नसते.

आता मुख्य गोष्टीकडे वळते.

सणाला कार्ड पाठवण्याची आजची प्रथा कशी सुरू झाली, हे पाहण्यासारखे आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या एका कार्यव्यग्र गृहस्थांपुढे नाताळच्या पत्रांचा ढीग पडला होता. प्रत्येकाला उत्तर लिहिण्यास सवड नव्हती. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याची कार्डे छापवली. वर पाठवावयाच्या व्यक्तीच्या नावासाठी आणि खाली स्वतःच्या नावासाठी कोरी जागा सोडलेली होती. पहिले व्यापारी नाताळ-कार्ड ते हेच. म्हणजे छापील कार्डाचा जन्मच पत्र लिहिण्याचे कष्ट वाचवण्यासाठी झाला.

आपल्याकडची परंपरा याच्या नेमकी उलट होती. निरनिराळ्या गावांचे श्रीसंघ आचार्यांना विज्ञप्तिपत्रे पाठवीत. ती कागदाची लांबच लांब गुंडाळी असे. तीत चित्रे असत, नगराचे वर्णन असे, चातुर्मासासाठी पधारण्याची विनंती असे आणि क्षमायाचनाही असे. आग्र्याच्या संघाने १६१० साली विजयसेनसूरींना पाठवलेले, शालिवाहन या चित्रकाराने रंगवलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्धच आहे. ज्यांच्यासाठी ते केले, त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाला ते पाठवताच आले नसते. आमची चारशे कार्डे मात्र कोणालाही पाठवता आली असती, आणि म्हणूनच ती खरे पाहता कोणालाच नव्हती.

हे मला त्या वर्षी उमगले. त्याला कारण झाले घरात तयार झालेले साठ कोऱ्या कार्डांचे चवड. पूर्वी कात्रीने एक कमळ नीट कापायचे म्हणजे पाऊण तास जाई. यंत्राने दोन दुपारींत साठही कार्डे उभी राहिली. कडा नेटक्या, कमळे एकसारखी. पण आत काहीच नव्हते. मजकूर छापायचे आम्ही विसरलो होतो, किंवा सूनबाईंनी मुद्दामच तो विषय काढला नव्हता. रात्री जेवणानंतर त्यांनी प्रत्येकासमोर दहा-दहा कार्डे आणि एक पेन ठेवले.

आमच्या यजमानांनी नऊ कार्डे भराभर लिहिली. दहाव्यावर त्यांचे पेन थांबले. ते कार्ड त्यांच्या थोरल्या बंधूंच्या नावाचे होते. दुकानाची वाटणी होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. कोर्टकचेरी झाली नाही, परंतु बोलणे थांबले. त्या अकराही वर्षांत थोरल्या भाऊजींच्या पत्त्यावर आमच्या पेढीचे कार्ड नियमाने जात होते, शिक्का मारलेले, 'मेसर्स'पासून सुरू होणारे, आणि त्यांच्या पेढीचेही तसेच येत होते. दोन्हीकडचे मुनीम एकमेकांची क्षमा मागत होते, असे म्हटले तरी चालेल.

त्या रात्री यजमान बराच वेळ बसून होते. कागद कोरा असला म्हणजे काय लिहायचे हा प्रश्न टाळता येत नाही. छापील कार्डावर तो उभाच राहत नाही. 'जाणता-अजाणता काही चूक झाली असल्यास' हे वाक्य लिहिणे सोपे होते. पण समोर सख्खा भाऊ होता आणि चूक अजाणता झालेली नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते. शेवटी त्यांनी तीनच ओळी लिहिल्या. वाटणीच्या दिवशी वडिलांच्या गादीसमोर आपण जो शब्द उच्चारला, तो उच्चारायला नको होता, एवढेच. हिशेबाविषयी एक अक्षर नव्हते. खाली 'मिच्छामि दुक्कडम्' आणि सहीच्या जागी घरात हाक मारायचे लहानपणचे नाव.

उत्तर आले नाही. संवत्सरी गेली, दिवाळी गेली. मी विषय काढला नाही आणि त्यांनीही नाही. पुढच्या वर्षी नेहमीप्रमाणे त्यांच्या पेढीचे छापील कार्ड आले. तेच सोनेरी किनारीचे, तोच शिक्का. मात्र शिक्क्याच्या खाली निळ्या शाईने, थोड्या कापऱ्या हाताने एक ओळ लिहिली होती : 'तुझे कार्ड ठेवले आहे.' यापलीकडे अद्याप काही झालेले नाही. दोन्ही दुकाने वेगळीच आहेत आणि वेगळीच राहतील. पण ती ओळ आमच्या देवघराच्या खणात आहे, आणि मागील चैत्रात भाऊजींच्या नातवाच्या साखरपुड्याचे आमंत्रण टपालाने न येता फोनवरून आले.

म्हणून माझी विनंती एवढीच. यंत्र जरूर वापरा, पण त्याने वाचवलेला वेळ आणखी साठ कार्डे कापण्यात घालवू नका. तो आत लिहिण्यासाठी ठेवा. व्यवहाराच्या चारशे नावांना छापील कार्ड जावे, त्यात गैर काही नाही. व्यापारात तेही सौजन्यच आहे. पण यादीतून अशी पाच-सहा नावे निवडा, की जी लिहिताना पेन थांबते. हातचे कार्ड त्यांच्यासाठी. आत तीन ओळी पुरेत. चूक कोणती, ती आपली होती एवढे, आणि क्षमायाचना. 'पण' हा शब्द त्यात येऊ देऊ नये.

आणि पर्युषणानंतर यंत्र कपाटात टाकू नका. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, म्हणजे दिवाळीला, तेच पानाचे साचे तोरणाला येतात. नव्वद सेंटिमीटर रुंदीच्या दाराला पाच सेंटिमीटर रुंदीची पाने मध्ये एकेक सेंटिमीटर जागा सोडून लावली, तर पंधरा पाने लागतात. दोन्ही बाजूंनी दिसायला हवीत म्हणून तीस कापावीत आणि सुती दोरा मध्ये धरून जोडीजोडीने चिकटवावीत. कमळाच्या साच्याने पुठ्ठ्यात खिडक्या पाडून आतून बटर पेपर लावला, की आकाशकंदील होतो. आत ज्योत न ठेवता एलईडीचा लहान दिवा ठेवावा. कागदही सुरक्षित राहतो आणि ज्योतीवर झेपावणारे जीवही वाचतात. चकाकीची पूड मात्र टाळावी. ते प्लास्टिकचे कण असतात, आणि सण सरला तरी ते सरत नाहीत.

मुलांना दांडी फिरवायला द्या, त्यांना ते फार आवडते. मोठ्यांनी पेन घ्यावे. आमच्याकडे यंदाची कमळे कापून झाली आहेत. माझ्या वाट्याच्या दहांपैकी एक कार्ड अजून कोरे आहे, आणि ते कोणाला लिहायचे आहे, हे मला ठाऊक आहे.