आमच्या पश्चात तिचे कोण?

मागच्या पावसाळ्यात आमच्या शाखेच्या कार्यालयात एक पॉइंट्समन आला. हातात बदलीचा हुकूम. घरी १६ वर्षांची मुलगी, सेरेब्रल पाल्सीची. न्हाणीतही उचलून न्यावी लागते. बायकोची कंबर गेलेली. "साहेबांना सांगितलेत का?" म्हणून विचारले तर म्हणाला, "घरचे रडगाणे कामावर कशाला आणायचे?" २२ वर्षे आमचा सभासद, पण मुलीबद्दल त्याने कधी एक शब्द काढला नव्हता.

बंधू-भगिनींनो, चूक त्याची नाही, आमची आहे. बोनस आणि महागाई भत्त्यासाठी आम्ही घसा कोरडा केला. सभासदाच्या घरात कोण अंथरुणावर आहे, हे मात्र कधी विचारले नाही.

केंद्राच्या कार्मिक विभागाचा ८ ऑक्टोबर २०१८ चा आदेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेले मूल, आईवडील, पती-पत्नी किंवा भाऊ-बहीण यांचा मुख्य सांभाळ जो कर्मचारी करतो, त्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट आहे. 'प्रशासकीय अडचण नसल्यास' अशी पुस्ती आहे खरी, आणि अर्ज एकट्याचा असला की ती अडचण हमखास निघते. आम्ही पी.एन.एम. बैठकीत विषय काढला, अडचण काय ते लेखी मागितले. बदली थांबली.

पण आईबापाच्या काळजाला टोचतो तो प्रश्न वेगळाच: आमच्या पश्चात तिचे कोण? जुन्या पेन्शनमध्ये, कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन आहे. १ जानेवारी २००४ पासून नोकरीला लागलेल्यांचे काय? एकीकृत पेन्शन योजनेची २४ जानेवारी २०२५ ची अधिसूचना वाचा. निवृत्त कामगाराच्या मृत्यूनंतर ६० टक्के रक्कम मिळेल, पण ती फक्त पती वा पत्नीला. दोघेही गेल्यावर त्या लेकराच्या ताटात काय पडणार?

आणि त्या लेकराला घेऊन बाहेर पडावे, तर आपलेच स्टेशन आणि आपलेच पोस्ट आडवे येते. पुलाला जिना, पोस्टाच्या दाराशी पायऱ्या. सरकारी कागदावर 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले, पायऱ्या तशाच राहिल्या. सुगम्यतेचे नियम ऐच्छिक नकोत, बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले आहे. खिडकीच्या आत आपणच बसतो. उतार कोठे हवा, लिफ्ट कोठली बंद, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

म्हणून माझे सांगणे असे. प्रत्येक शाखेने सभासदांच्या संमतीने त्यांच्या घरातील दिव्यांगांची यादी करावी. दाखला, यूडीआयडी कार्ड आणि सर्व्हिस रेकॉर्डमधील कुटुंबाची नोंद नोकरीत असतानाच पुरी करून घ्यावी. एकीकृत योजनेतही दिव्यांग मुलांना आजन्म निवृत्तिवेतन, ही मागणी आपल्या मागणीपत्रात आलीच पाहिजे. आपल्या स्टेशन-पोस्टातील अडथळ्यांचे निवेदन आपणच द्यावे. आणि सभासदांनो, घरातले मूल लपवू नका. एकट्याचे दुःख साहेबांच्या टेबलावर अर्ज होऊन पडून राहते. सर्वांनी मिळून उचलले, तर त्याची मागणी होते.

कामगार एकजुटीचा विजय असो!