घरच्या सुतारकामास पट्टी-करवत कोणती घ्यावी ?

“आमच्या नातवास सुतारकामाचा नाद लागला आहे. हातकरवतीनें भागत नाहीं म्हणून तो यंत्राची करवत मागतो. ती घेऊन द्यावी काय, आणि द्यावयाची तर कोणती ?” अशा आशयाचीं पत्रें या सदराकडे अधूनमधून येतात. या प्रश्नाचें उत्तर मला पुस्तकांतून मिळालें नाहीं. एक सागवानी तुळई वायां घालवून मिळालें. इतर घरांतील लाकूड तरी वांचावें, या हेतूनें या महिन्यांत हाच विषय घेतों.

पट्टी-करवत, जिला बाजारांत ‘बँड-सॉ’ म्हणतात, ती म्हणजे टोकें जोडून अखंड केलेली पोलादाची एक अरुंद दांतेरी पट्टी. ती वरखालीं बसविलेल्या दोन चाकांवरून फिरते आणि मधल्या मेजाच्या फटींतून सदैव खालच्या दिशेनें जाते. इंग्लंडांत विल्यम न्यूबेरी यास या कल्पनेचें पेटंट १८०८ च्या सुमारास मिळालें. परंतु पट्टीचा सांधा टिकेना, म्हणून पुढें कित्येक वर्षें तिचा व्यवहारांत उपयोग झाला नाहीं. १८४६ सालीं आन पोलँ क्रेपँ या फ्रेंच बाईनें टोकें जोडण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. पॅरिसच्या पेरँ कंपनीनें तिचे हक्क विकत घेतले, आणि चांगल्या पोलादाची जोड मिळाल्यावर हें यंत्र कारखान्यांत चालूं लागलें. यंत्रांच्या इतिहासांत स्त्रियांचीं नांवें थोडींच आढळतात. तेव्हां हें नांव आमच्या भगिनींनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

घरच्या कामास गोल करवतीपेक्षां ही बरी, असें माझें मत आहे. त्यास कारणें दोन. गोल करवत कधीं कधीं लाकूड उलट फिरवून चालविणाऱ्याच्या अंगावर फेकते. पट्टी लाकडास खालीं मेजावर दाबते, म्हणून तें भय येथें जवळजवळ नाहीं. दुसरें कारण त्रैराशिक जाणणाऱ्या कोणासहि पटेल. दोन इंच जाडीच्या तुकड्यांतून पाव इंचाच्या फळ्या काढावयाच्या आहेत. गोल करवतीचा काप सुमारें एक अष्टमांश इंच धरला, तर पांच फळ्या निघतात. पट्टीचा काप एक षोडशांश इंच धरला, तर सहा निघतात. एक फळी भुशांत गेली नाहीं. सागवान ज्या भावानें मिळतें, त्या भावानें ही बचत लहान नव्हे.

आतां माझी चूक सांगतों. गांवचें जुनें घर उतरविलें तेव्हां माजघरांतील पांच सागवानी तुळया आम्ही शहरांत आणल्या. पुतण्याच्या मुलानें त्यांतून पाट, चौरंग आणि घरासाठीं नवा देव्हारा करावा असें सर्वानुमतें ठरलें. यंत्राची निवड मजकडे आली. दुकानदारानें नऊ इंची चाकांचें, टेबलावर ठेवावयाचें एक लहान यंत्र दाखविलें. मोटरीचें त्यानें फार वर्णन केलें. किंमत बेताची होती. जागा थोडी लागत होती. मीं तें घेतलें.

मुलानें पहिल्या तुळईचे साडेतीन इंच रुंदीचे तुकडे केले आणि ते उभे धरून फळ्या पाडण्यास आरंभ केला. संध्याकाळीं मीं पाहिलें, तों एकहि फळी सपाट नव्हती. कडा रेषेवर होत्या. परंतु मधल्या भागीं एका फळीस पोट सुटलेलें, तर दुसरीस तेथेंच खळगा. चार पिढ्यांचें ओझें वाहिलेली तुळई एका दिवसांत सरपणाच्या लायकीची झाली. मीं घरांतील सर्वांदेखत त्यास म्हटलें, “तुझ्या हातांत धीर नाहीं.” त्यानें उत्तर दिलें नाहीं. पुढें पंधरा दिवस तो त्या खोलींत गेला नाहीं.

मग दाराची चौकट नीट करण्यास आमचे नेहमींचे मिस्त्री आले. त्यांनीं त्या फळ्या पाहिल्या. यंत्राची वीज काढली, आंगठ्यानें पट्टी आडवी दाबली, आणि ताणाची मूठ फिरवूं लागले. मूठ फिरे, पण पट्टी ताठ होईना. उलट वरच्या चाकास धरणारी कमानच किंचित् पुढें झुकली. मिस्त्री म्हणाले, “मास्तर, पट्टी ताणायला गेलं की कमान वाकतेय. पट्टी ढिली, म्हणून ती लाकडात मधेच फुगते. पोराचा काय दोष ?”

या यंत्राचें सारें मर्म त्या वाक्यांत आहे. पट्टी-करवत म्हणजे धनुष्य, आणि पट्टी ही त्याची ज्या. दांड दुबळा असेल, तर ज्या कितीहि चांगली असो, बाण नेमका जात नाहीं. मीं मोटरीची अश्वशक्ति वाचली. कमानीकडे पाहिलें नाहीं. म्हणून यंत्र पाहतांना पहिला प्रश्न असा विचारावा कीं, हें यंत्र किती रुंद पट्टी ताठ धरूं शकतें ? बाकीचे प्रश्न त्याच्या मागून येतात.

मापें तीन लक्षांत ठेवावीं. पहिलें चाकाच्या व्यासाचें. यंत्रास नऊ इंची, चौदा इंची असें जें म्हणतात तें यावरून. पट्टी आणि मागील खांब यांमधील अंतर व्यासाहून थोडें कमी असतें, आणि तेवढ्याच रुंदीचें लाकूड आंत जातें. शिवाय लहान चाकावर पट्टीस प्रत्येक फेऱ्यांत अधिक वांकावें लागतें, त्यामुळें जाड पट्टी त्यावर लवकर तडकते. दुसरें माप उंचीचें, म्हणजे मेजापासून वरच्या मार्गदर्शकापर्यंत पट्टी किती मोकळी होते तें. फळ्या पाडावयाच्या असतील तर हेंच माप मुख्य. जुन्या घाटाच्या ओतीव चौदा इंची यंत्रांत तें सहा इंच असतें. कांहींत खांबाखालीं ठोकळा घालून तें बारा इंचांपर्यंत वाढवितां येतें. तिसरें माप मोटरीचें. चौदा इंची यंत्रावर सागवान उभें कापावयाचें तर एक अश्वशक्ति, म्हणजे ७४६ वॉट, तरी असावी. घरगुती विजेवर ती चालते; मात्र १६ अँपियरचा स्वतंत्र जोड आणि नीट केलेलें अर्थिंग पाहिजे.

ज्यास खेळणीं, नक्षीच्या कडा, लहान पेट्या एवढेंच करावयाचें आहे, त्यास नऊ-दहा इंची यंत्र पुरतें. त्यास मी नांवें ठेवीत नाहीं. त्याच्याकडून तुळया कापवून घेणें हा अन्याय होय. तुळया, जाड फळ्या, चौरंगाचे पाय हें काम असेल तर चौदा इंची, स्वतःच्या पायांवर उभें राहणारें यंत्रच घ्यावें. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं पुढील दोन वर्षांत काय काय करावयाचें याची यादी घरीं बसून करावी. यादींतील सर्वांत जाड लाकूड यंत्र ठरवितें.

दुकानांत गेल्यावर पुढील परीक्षा घ्याव्या. वीज काढून दारें उघडावीं आणि चाकें हातानें फिरवावीं. चाक डुलत असेल तर परत यावें. चाकांवरील रबर मधें किंचित् उंच, सर्वत्र सारखें आणि न भेगाळलेलें असावें. पट्टी त्या उंचवट्यावरच जागेवर राहते. यंत्रास पेलणारी सर्वांत रुंद पट्टी चढवून ताणावी आणि कमान झुकते काय तें बाजूनें पाहावें. मार्गदर्शक वरून खालीं आणतांना पट्टीपासून सरकतां कामा नये. शेवटीं दारें लावून यंत्र सुरूं करावें आणि मेजावर एक नाणें कडेवर उभें करावें; तें उभें राहिलें तर यंत्राची थरथर बेताची समजावी.

जुनें यंत्र मिळाल्यास अवश्य पाहावें. ओतीव लोखंडाची कमान म्हातारी होत नाहीं. रबर, बेअरिंग आणि पट्टा बदलले कीं तें पुन्हां उभें राहतें. मात्र त्याच्या मापाची पट्टी आपल्या गांवीं जोडून मिळते ना, तें आधीं विचारावें. पट्टीची लांबी काढणें शाळेंतील मुलासहि येईल : चाकाचा परिघ अधिक दोन चाकांच्या मध्यांतील अंतराची दुप्पट. चौदा इंची चाकाचा परिघ बावीस-सप्तमांशानें ४४ इंच. मध्यांतर २४¾ इंच असल्यास दुप्पट ४९½. एकूण ९३½ इंच.

यंत्र चांगलें आणि पट्टी चुकीची, असेंहि होतें. वळणाच्या कामास पाव इंच रुंदीची पट्टी, फळ्या पाडण्यास अर्ध्या इंचाची. दांतांविषयीं नियम असा कीं, लाकडाच्या जाडींत निदान तीन दांत सदैव असावे. फळ्या पाडतांना इंचास तीन दांत पुरेत, कारण भुसा बाहेर नेण्यास दांतांमध्यें जागा लागते. सर्वसाधारण कामास सहा. सागवानांत वाळूसारखा कठीण अंश असतो, त्यानें धार लवकर जाते. जुन्या तुळईंत तर खिळे लपलेले असतात. ते लोहचुंबकानें शोधून काढल्यावांचून लाकूड यंत्राजवळहि नेऊं नये.

आतां घरांतील वडील मंडळींस ज्याची खरी काळजी असते त्या बोटांविषयीं. वरचा मार्गदर्शक लाकडाच्या वर पाव इंचावर आणून ठेवावा. याहून अधिक पट्टी उघडी राहूं देऊं नये. शेवटचे चार इंच लाकूड हातानें न ढकलतां काठीनें ढकलावें. हातमोजे घालूं नयेत. पट्टी मोज्यासकट हात ओढते. उपरणें, पदर, सैल बाही, गळ्यांतील साखळी हीं खोलीबाहेर ठेवावीं. गोल ओंडका आधाराच्या चौकटीवांचून कापूं नये, तो गरकन् फिरतो. पट्टी बदलतांना वीज काढलीच पाहिजे. धुळीसहि क्षुल्लक समजूं नये : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें लाकडाची धूळ १९९५ सालीं कर्करोगकारक म्हणून नोंदविली. तोंडावर मुखपट्टी, यंत्रास धूळ ओढणारी नळी, आणि पाळण्यांतील मूल जेथें निजतें त्या खोलीपासून दूर जागा, एवढें तरी असावेंच.

मिस्त्री गेले त्या रात्रीं जेवणाच्या पंक्तींत मीं मुलास सांगितलें कीं, चूक माझी होती. सर्वांदेखत बोललों होतों, तेव्हां मागें घेणेंहि सर्वांदेखतच उचित. पुढें आम्हीं एक जुनें चौदा इंची यंत्र त्याच्याच पसंतीनें घेतलें. उरलेल्या चार तुळयांपैकीं दोहोंचा देव्हारा झाला, एकीचे पाट झाले, एक अजून शिल्लक आहे. बिघडलेल्या फळ्या त्यानें रंधून पातळ केल्या आणि माझ्या पोथ्यांसाठीं पेटी केली. तिच्या तळाच्या एका फळीचें पोट अजून पुरतें गेलेलें नाहीं. ती बदलूं नकोस, असें मींच त्यास सांगितलें आहे.